विश्लेषण : अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी ऑक्सिजन सेन्सरला ‘फसवणे’ किती महागात पडू शकते?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आणि ‘गाडी पूर्वीसारखे अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही तक्रार देशभर सुरू झाली. ज्या उसातून हे इथेनॉल तयार होते, त्या उसाच्या पट्ट्यातले सातारा आणि सांगली हे जिल्हेही त्याला अपवाद नाहीत. या तक्रारीवर ऑनलाइन बाजारात एक ‘स्वस्त’ उपाय मिळतो. सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरमध्ये जोडायची छोटी डबी किंवा सेन्सरखाली बसवायचा धातूचा तुकडा. ‘पेट्रोल १५-२० टक्के वाचेल’ असा दावा, किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत आणि घरपोच सेवा. हे उपकरण नेमके काय करते, त्याने खरोखर पेट्रोल वाचते का आणि वाचले तर त्याची किंमत कोण मोजते, हे समजून घेऊ.

ऑक्सिजन सेन्सर नेमके काय करतो?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी ठरावीक हवा लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल असे आहे. पेट्रोल जास्त झाले की मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘रिच’, कमी झाले की ‘लीन’. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण स्क्रू फिरवून, कानाने आणि अनुभवाने जुळवले जायचे. इंजेक्शनच्या गाडीत हे काम गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू करतो. पण आपण सोडलेले पेट्रोल बरोबर होते की नाही, हे ईसीयूला कळणार कसे? त्यासाठी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे मोजणारा सेन्सर एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला असतो. त्यालाच लॅम्बडा सेन्सर असेही म्हणतात. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांमधून प्रथम बाजारात आला.

प्रचलित साध्या सेन्सरचे काम सोपे आहे. धुरात ऑक्सिजन कमी उरला, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास विद्युतदाब देतो. ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. मधली रेषा साधारण ०.४५ व्होल्टची. सेन्सरने ‘रिच’ सांगितले की ईसीयू पेट्रोल थोडे कमी करतो, ‘लीन’ सांगितले की थोडे वाढवतो. गाडी गरम झाल्यावर ही देवाणघेवाण दर सेकंदाला सुरू असते. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर हे स्कूटर-मोटारसायकलमध्येही सर्रास आले. त्यामुळे हा विषय आता फक्त मोटारीपुरता राहिलेला नाही.

सिग्नल बदलतात म्हणजे काय करतात?

प्रकार तीन-चार आहेत. पहिला, वायरमध्ये जोडलेली इलेक्ट्रॉनिक डबी. ती सेन्सरकडून आलेल्या व्होल्टेजमध्ये थोडी भर घालते. मिश्रण प्रत्यक्षात बरोबर असते, पण ईसीयूला ते रिच दिसते. तो पेट्रोल कापतो आणि इंजिन लीन चालू लागते. दुसरा, सेन्सरखाली स्पेसर बसवून त्याला धुराच्या प्रवाहापासून थोडे दूर नेणे. तिसरा, ईसीयूचे सॉफ्टवेअरच बदलून सेन्सरचे ऐकणे कमी किंवा बंद करणे.

यातला स्पेसर बहुतेक वेळा मागच्या सेन्सरखाली बसवला जातो. मोटारीत सहसा दोन सेन्सर असतात. पुढचा पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करतो, मागचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो की नाही हे मुख्यतः तपासतो. मागच्या सेन्सरला दूर सारले की निकामी कन्व्हर्टरही ‘ठीक’ दिसतो आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा विझतो. त्याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. बिघाड तसाच राहतो, फक्त तो सांगणारा दिवा बंद होतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही. अनेक नव्या मोटारींत ‘वाइडबँड’ प्रकारचा सेन्सर असतो. तो व्होल्टेजऐवजी विद्युतप्रवाहाच्या मोजमापावर चालतो. जुन्या पद्धतीची डबी अशा सेन्सरला जोडली तर अ‍ॅव्हरेज वाढण्याऐवजी गाडी थेट बिघाड दाखवू शकते.

याने अ‍ॅव्हरेज खरेच वाढते का?

या दाव्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो खपतो. पेट्रोल इंजिन आदर्श प्रमाणापेक्षा ५ ते १० टक्के लीन चालवले तर सपाट रस्त्यावर, हलक्या भाराखाली ते थोडे कमी पेट्रोल पिते. ही गोष्ट इंजिनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मग गाडी बनवणाऱ्या कंपन्या इंजिन तसेच का लावत नाहीत?

कारण नेमके याच पट्ट्यात नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू सर्वाधिक तयार होतात. जिथे पेट्रोल वाचते, तिथेच हा वायू शिखरावर असतो. त्यावर उतारा म्हणून बसवलेला थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्हींचा एकाच वेळी बंदोबस्त करतो. पण त्यासाठी मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अगदी जवळ लागते. मिश्रण लीन झाले की कन्व्हर्टरची नायट्रोजन ऑक्साइड मोडण्याची क्षमता झपाट्याने घसरते. म्हणजे इंजिन हा वायू जास्त तयार करते आणि कन्व्हर्टर तो कमी मोडतो. दोन्ही बाजूंनी नुकसान.

आता बचतीचा हिशेब. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी आणि १८ चे अ‍ॅव्हरेज देणारी मोटार साधारण साडेपंचावन्न लिटर पेट्रोल घेते. सर्व काही मनासारखे घडून ५ टक्के वाचले, तर बचत पावणेतीन लिटरची. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला २९० रुपयांच्या आसपास, वर्षाला साडेतीन हजार. ‘१५-२० टक्के’ हा दावा या गणितात कुठेच बसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी १०० हून अधिक उपकरणे तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही उपकरण त्यात सापडले नाही.

ई-२० मुळे हिशेब कसा बदलला?

पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये पूर्ण झाले. २० टक्के इथेनॉलचे, म्हणजे ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर आले आणि २०२५ मध्ये ते देशभरातले नेहमीचे पेट्रोल झाले. ई-२० सोबतच इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

अ‍ॅव्हरेज कमी होण्याची तक्रार निराधार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच त्याचे अंदाज दिले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ई-२० वापरल्यास ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, तर ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के घट.

हे आकडे कुठून येतात, ते घरबसल्या तपासता येते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे ई-१० च्या लिटरमध्ये सुमारे ३०.९ आणि ई-२० च्या लिटरमध्ये सुमारे २९.८ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ही घट जवळपास ७ टक्क्यांची, ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांची. लिटरमध्ये ऊर्जाच कमी आहे. वायरमधल्या कुठल्याही डबीने ती परत येत नाही.

खरा धोका यापुढे आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. वजनाने १ भाग इथेनॉलला ९ भाग हवा. म्हणून ई-२० चे आदर्श प्रमाण १४.७ न राहता साधारण १३.५ होते. तेवढ्याच हवेसाठी इंजिनाला शुद्ध पेट्रोलपेक्षा वजनाने ८ ते ९ टक्के जास्त इंधन लागते. २०१५ किंवा २०१८ ची गाडी ई-२० वर आज निमूट चालते, त्यामागे हाच ऑक्सिजन सेन्सर आहे. धुरात ऑक्सिजन जास्त उरला हे तो पाहतो, ‘लीन’ सांगतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. टाकीत कोणते इंधन आहे हे जुन्या गाडीला ठाऊक नसते. सेन्सरच्या आधारे ती आपली आपण जुळवून घेते.

अशा वेळी डबी बसवून सेन्सरकडून ‘रिच’ म्हणवून घेतले, तर ई-२० साठी वाढवलेले नेमके तेच इंधन कापले जाते. जी गोष्ट जुन्या गाडीला नव्या इंधनावर सांभाळून घेत होती, तीच आपण बंद पाडतो. ई-२० ने अ‍ॅव्हरेज पडले म्हणून सेन्सरला फसवणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बर्फात ठेवण्यासारखे आहे.

इंजिनाचे नुकसान कसे होते?

सपाट रस्त्यावर, ५०-६० च्या वेगात किंचित लीन चाललेले इंजिन लगेच बिघडत नाही. त्यामुळेच सुरुवातीचे काही आठवडे डबी ‘यशस्वी’ वाटते. प्रश्न भाराचा आहे, आणि आपल्या भागात भार टळत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी, कराडहून चिपळूणला उतरताना-चढताना कुंभार्ली. चार माणसे, सामान आणि एसी सुरू ठेवून घाट चढताना ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. हे जादा पेट्रोल ज्वलनकक्ष आणि एक्झॉस्टचे तापमान आटोक्यात ठेवते.

या वेळी अनेक गाड्यांत ईसीयू सेन्सरचे तात्पुरते ऐकत नाही. मग डबीचा परिणाम घाटात होणार नाही, असे वाटेल. तसे होत नाही. ईसीयूला स्मरणशक्ती असते. सपाट रस्त्यावर ‘या गाडीला ८ टक्के पेट्रोल कमी लागते’ असे तो शिकला असेल, तर अनेक गाड्यांत तीच वजाबाकी तो घाटातही लावतो. सपाटीवर शिकवलेले खोटे घाटात लागू होते. जिथे पेट्रोल जास्त हवे तिथे ते कमी पडते, तापमान वाढते, नॉकिंगचा धोका वाढतो. ई-२० चा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगपासून थोडे संरक्षण मिळते, पण तापमानाचा प्रश्न त्याने सुटत नाही. दीर्घकाळ असे चालत राहिले तर एक्झॉस्ट वॉल्व, स्पार्क प्लग आणि पिस्टन यांच्यावर त्याचा परिणाम होतो.

दुसरा प्रश्न मिसिंगचा. मिश्रण फार लीन झाले की एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही पेट्रोल पेटत नाही. ते न जळता तसेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथे जळते. कन्व्हर्टरच्या आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. म्हणूनच अनेक मोटारींत तो बदलण्याचा खर्च पाच आकडी होतो. वर्षाच्या साडेतीन हजारांच्या बचतीसमोर हा आकडा ठेवून पाहा.

तिसरा त्रास थंडीतल्या सकाळचा. थंड इंजिनाला सुरू होताना जास्त इंधन लागते आणि इथेनॉल थंडीत पेट्रोलइतके सहज वाफ होत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या डिसेंबरात शिकलेली वजाबाकी लागू असेल, तर गाडी सुरू होताना खोळंबते, सुरू झाली तरी धक्के देते.

पीयूसीमध्ये हे पकडले जाते का?

उत्तर अर्धे ‘हो’ आणि अर्धे ‘नाही’ असे आहे. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाही. मिश्रण किंचित लीन झाले तर कार्बन मोनॉक्साइड कमी होते. त्यामुळे डबी बसवलेल्या गाडीची पावती कधी कधी आधीपेक्षा ‘स्वच्छ’ दिसते आणि विकणारा तीच पुरावा म्हणून दाखवू शकतो. वाढलेला वायू मात्र त्या पावतीवर नसतोच.

बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल चारचाकींसाठी एक जास्तीची चाचणी आहे. इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर ठेवून ‘लॅम्बडा’ मोजला जातो. तो १ च्या वर-खाली ०.०३ इतकाच, किंवा कंपनीने जाहीर केलेल्या मर्यादेत असावा लागतो. ५ टक्के लीन चाललेल्या गाडीचा लॅम्बडा १.०५ येईल, म्हणजे ती गाडी नापास. तुमच्या पीयूसी पावतीवर हा रकाना आहे का आणि त्यात काय लिहिले आहे, हे एकदा काढून पाहा. दुचाकीसाठी ही चाचणी नाही.

सांगलीच्या हवेशी याचा काय संबंध?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेच्या गुणवत्तेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातल्या पुणे, कोल्हापूर, सोलापूर यांच्यासह सांगलीचेही नाव आहे. या कार्यक्रमाचा मुख्य भर धुलिकणांवर आहे. पण नायट्रोजन ऑक्साइड हवेत गेल्यावर त्यातून सूक्ष्म धुलिकणही तयार होतात आणि उन्हात त्याची इतर वायूंशी क्रिया होऊन जमिनीलगतचा ओझोनही बनतो. हा ओझोन दमा असलेल्यांना त्रासदायक असतो आणि पिकांच्या पानांनाही इजा करतो. द्राक्ष आणि ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यासाठी हा मुद्दा शहरापुरता राहत नाही.

एका गाडीने फरक किती पडणार, हा युक्तिवाद ओळखीचा आहे. अमेरिकेतला अनुभव त्याचे उत्तर देतो. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांमधली प्रदूषण नियंत्रण यंत्रणा मालकांनी काढली किंवा निकामी केली. त्यातून होणारे जादा नायट्रोजन ऑक्साइड ५ लाख ७० हजार टनांवर गेले. प्रत्येकाने ‘माझी एकच गाडी’ असे म्हणूनच हे केले होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवल्यास कलम १९०(२) लागू होते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन परवान्यावर गदा.

लक्षात घ्या, ही जबाबदारी डबी विकणाऱ्यावर नाही, मालक आणि चालकावर येते. वॉरंटीचेही तसेच. बाहेरून केलेल्या बदलामुळे झालेला बिघाड कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. वायर कापून जोडलेली दिसली की ‘बिघाड त्यामुळे नाही’ हे सिद्ध करण्याची वेळ ग्राहकावर येते.

सीएनजी किटही बाहेरूनच बसवतात, मग ते कसे चालते, असा प्रश्न विचारला जातो. फरक मान्यतेचा आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र आणि आरटीओकडे नोंद या तिन्ही गोष्टी तिथे असतात. सेन्सरच्या डबीला यातले काहीच नसते.

कंपन्यांनी असेच केले तेव्हा काय झाले?

प्रदूषणाच्या मोजमापाशी खेळ हा फक्त गॅरेजमधला प्रकार नाही. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर एकेकाळी दिसणारी शेवरोले टव्हेरा आठवत असेल. जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये २००५ ते २०१३ दरम्यान बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टव्हेरा परत बोलावल्या. प्रदूषण चाचणीच्या वेळी कर्मचाऱ्यांनी गडबड केल्याचे कंपनीच्याच चौकशीत पुढे आले होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण जगभर गाजले. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांच्या डिझेल गाड्यांत होते. पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने भारतात चाचण्या केल्यानंतर कंपनीने देशातल्या ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली.

या कंपन्यांकडे नियामक पोहोचले, कारण नोंदी होत्या आणि नाव होते. बेनावी डबी विकणाऱ्याकडून गाडी परत बोलावली जात नाही. दुरुस्तीचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

ट्रकमधला ‘युरिया’ हाही त्यातलाच प्रकार?

तत्त्व तेच. बीएस-६ च्या मोठ्या डिझेल ट्रकमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मोडण्यासाठी युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, एक्झॉस्टमध्ये फवारले जाते. त्याचा खर्च वाचवण्यासाठी ‘सर्व काही ठीक आहे’ असा खोटा सिग्नल ट्रकच्या संगणकाला देणारी उपकरणे विकली जातात. फवारणी बंद पडते, ट्रक पळत राहतो आणि मोडला जायचा वायू थेट हवेत जातो. पुणे-बंगळूरु महामार्ग सातारा, कराड आणि पेठ नाक्यावरून जातो. त्या धुराचा वाटा या गावांनाच मिळतो.

मग अ‍ॅव्हरेज पडले तर करायचे काय?

आधी मोजा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, किमान तीन वेळा त्याच पंपावर पुन्हा फुल करून सरासरी काढा. घट ३ ते ७ टक्क्यांची असेल तर ती बहुधा इंधनाची आहे. त्यावर यांत्रिक उपाय नाही. १८ ची गाडी पावणेसतरावर आली तर तिच्यात बिघाड शोधण्यात अर्थ नाही.

घट त्याहून जास्त असेल तर बिघाड शोधा. टायरमधली हवा, एअर फिल्टर, प्लग, अडकून राहणारे ब्रेक, घसरणारा क्लच हे आधी पाहा. मग गाडीला स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’ बघायला सांगा. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, हे त्यात दिसते. जुन्या गाडीत ई-२० वर ते थोडे अधिक असणे स्वाभाविक आहे. २० टक्क्यांच्या पुढे गेले असेल तर हवेची गळती, इंजेक्टर किंवा खुद्द सेन्सरमध्ये दोष असू शकतो.

आणि इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑक्सिजन सेन्सर जुना झाला की सुस्त होतो, चुकीचे सांगतो आणि गाडी खरोखर जास्त पेट्रोल पिते. अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या माहितीनुसार सेन्सर निकामी होण्यासारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यास अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. म्हणजे सेन्सरमुळे पेट्रोल वाचते हे खरे आहे. फक्त ते त्याला फसवून नाही, त्याला नीट बोलू देऊन वाचते.

डबी आधीच बसवली असेल किंवा जुनी गाडी घ्यायची असेल तर?

बसवली असेल तर काढून वायरिंग मूळ स्थितीत आणा, ईसीयूची शिकलेली नोंद स्कॅनरने पुसून घ्या आणि शंभरएक किलोमीटर वेगवेगळ्या वेगात गाडी चालवून तिला नव्याने शिकू द्या. त्यानंतर चेक इंजिन दिवा लागला तर तो पुन्हा विझवण्याच्या मागे लागू नका. डबीने इतके दिवस लपवलेला दोष तो सांगत असण्याची शक्यता आहे.

जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर चेक इंजिन दिवा एकदा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे पाहा. तो मुळीच लागत नसेल तर शंका घ्या. गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही सेन्सरच्या वायरला कुठे जोड, टेप किंवा जास्तीचा तुकडा आहे का, ते बघा. स्कॅनरवर कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्या ‘पूर्ण’ दाखवतात का, हेही विचारा. त्या अपूर्ण असतील तर नोंदी नुकत्याच पुसलेल्या असू शकतात. अशा वेळी व्यवहार दोन दिवस पुढे ढकला, गाडी थोडी चालवा आणि पुन्हा तपासा.